विजेचे माप आणि घराचा उंबरठा



या व्याख्यानमालेचे पत्रक निघाले तेव्हा माझे एक स्नेही म्हणाले, "तुम्ही युनियनची माणसे. तुम्ही बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. घरातल्या विजेच्या मोजमापाचा इतिहास हा विषय तुम्हांला कोठून सुचला?" त्या वेळी मी हसून विषय टाळला. आज त्याचे उत्तर देतो.

माझे बहुतेक आयुष्य मापाच्या भांडणात गेले आहे. कापड किती वार झाले हे मालकाचा कारकून मोजणार आणि विणकराने ते ऐकून घ्यावयाचे. किती तास भरले हे भोंगा सांगणार, पण भोंग्याची दोरी दुसऱ्याच्या हाती. मजुरीचा दर वाढवून घेणे त्या मानाने सोपे. माप तपासण्याचा हक्क मिळवणे अवघड, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. विजेचे मीटर हेही असेच एक माप आहे. ते आपल्या दाराशी असते, त्याच्या आकड्यावर आपण पैसे मोजतो. परंतु तो आकडा कसा तयार होतो, हे शंभरांत एखाद्यालाच ठाऊक असते. आता तर त्या मापात एक छोटा संगणक येऊन बसला आहे. म्हणून हा इतिहास आपण सर्वांनी समजून घेण्याजोगा आहे.

वीज विकावयास निघालेल्या माणसापुढे पहिली अडचण मापाचीच आली. धान्य पायलीने मोजता येते, रॉकेल मापाने ओतता येते. वीज डोळ्यांना दिसत नाही. थॉमस एडिसन यांनी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले, तेव्हा पहिले काही महिने ग्राहकांकडून पैसेच घेतले नाहीत. पहिले बिल १८८३ च्या जानेवारीत निघाले, सुमारे ५० डॉलरचे. त्या काळचे एडिसन यांचे मीटर म्हणजे काचेच्या बरण्या होत्या. बरणीत जस्ताच्या क्षाराचे पाणी आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. घरात जाणाऱ्या विजेचा अगदी लहान, ठरावीक हिस्सा या पाण्यातून वळवलेला असे. वीज वाहिली की एका पट्टीवरचे जस्त सुटून दुसरीवर जाऊन बसे. महिनाअखेर कंपनीचा माणूस येई, पट्ट्या काढून नेई, प्रयोगशाळेच्या काट्यावर त्या तोलल्या जात, आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. थंडीत पाणी गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असे; गारठा वाढला की तो आपोआप लागे.

युक्ती मोठी शास्त्रशुद्ध होती, यात शंका नाही. परंतु ग्राहकाच्या बाजूने पाहा. बरणी त्याच्या घरात, काटा मात्र कंपनीच्या घरात. वजन किती भरले हे त्याने पाहिले नाही आणि पाहिले असते तरी त्याला त्यातून काही कळले नसते. आमच्या कापडखात्यातला कारकून आणि ही बरणी यांची जात एकच.

पुढे थोड्याच वर्षांत चित्र पालटले. बर्लिनमध्ये हेर्मान आरोन यांनी लंबकांच्या घड्याळासारखे मीटर केले. इटलीतील तुरीन शहरी गालिलेओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहातून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करून दाखवले. १८८८ मध्ये अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीतले ऑलिव्हर शॅलेनबर्गर एका नव्या दिव्यावर काम करीत असता एक स्प्रिंग निसटून पडली, आणि जवळच्या विद्युत्‌चुंबकाच्या ओढीने ती आपसूक फिरू लागली. दुसऱ्या कोणी ती उचलून जागेवर ठेवली असती. शॅलेनबर्गर यांनी तिच्यातून मीटर काढले. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओत्तो ब्लाथी यांनी खऱ्या अर्थाने वापरलेली ऊर्जा मोजणारे मीटर सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे २३ किलो होते, म्हणजे दारावर लावावयाचे तर भिंत मजबूत हवी!

आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलेली ॲल्युमिनियमची चकती ही याच घराण्यातली. तिच्या एका बाजूस विजेच्या दाबाचे वेटोळे आणि दुसऱ्या बाजूस प्रवाहाचे वेटोळे असते. दोघांच्या जोडीने चकतीत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ती फिरते. एक कायमचा चुंबक तिला लगाम घालतो, म्हणून जितकी वीज तितकाच वेग राहतो. चकतीला जोडलेली दातेरी चाके आकडे पुढे सरकवतात. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. या यंत्राने एक मोठी गोष्ट केली: आकडा ग्राहकाच्या डोळ्यांपुढे आणला. लिहिता-वाचता येणारी गृहिणी महिन्याच्या एक तारखेचा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवू लागली आणि बिलाशी ताडून पाहू लागली. हा मापाच्या इतिहासातला पहिला लोकशाहीचा विजय म्हणावयास हरकत नाही.

येथे आपल्या मुंबईची एक आठवण सांगितली पाहिजे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की साचे थांबत. दिव्यांनी सूर्यास्तच रद्द केला. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला आणि कामगारांत असंतोष पेटला. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. या विजेच्या प्रत्येक युनिटाचा हिशेब होता, कारण ती विकत घ्यावी लागे. विजेच्या उजेडात राबणाऱ्या माणसाच्या तासांना मात्र १९११ च्या कारखाना कायद्यापर्यंत वरची मर्यादाच नव्हती. त्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. कोणती गोष्ट मोजली जाते आणि कोणती मोजली जात नाही, यावरून समाजात कोणाचा शब्द चालतो ते कळते.

चकतीच्या मीटरात एक उणीव होती. ते महिन्याची बेरीज सांगे. ती बेरीज कशाकशाची, हे सांगत नसे. वाण्याने नुसती एकूण रक्कम लिहिलेली चिठ्ठी द्यावी, तसे ते होते. ही चिठ्ठी फोडून दाखवण्याचे काम अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात केले. त्यांची कल्पना साधी आहे. घरात येणाऱ्या मुख्य तारेवरच लक्ष ठेवावयाचे. फ्रिज सुरू झाला की वापर एका ठरावीक पायरीने वर चढतो, बंद झाला की तितकाच खाली उतरतो. पंख्याची पायरी लहान, पाण्याच्या पंपाची मोठी. पायऱ्या ओळखता आल्या की प्रत्येक खोलीत न शिरता घरात काय चालले आहे ते बाहेरून सांगता येते. याचे सविस्तर शास्त्र त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु त्याच्याही तीन वर्षे आधी, १९८९ मध्ये, याच हार्ट यांनी एक वेगळा लेख लिहून इशारा दिला की या युक्तीने घरातील माणसांवर पाळत ठेवता येईल. हत्यार घडवणाऱ्यानेच त्याची धार दाखवावी, असे प्रसंग इतिहासात फार नाहीत.

आता छोट्या संगणकाकडे वळू. इंटेल कंपनीने १९७१ मध्ये संगणकाचा मेंदू नखाएवढ्या तुकड्यावर बसवून विकावयास काढला. त्यानंतर संगणक टेबलावरून उतरून यंत्रांच्या पोटात शिरला. धुलाईयंत्रात, मोटारीत, शेवटी मीटरात. पण तो घडवणे हे बड्या कारखान्यांचेच काम होते. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ या गावच्या एका शिक्षणसंस्थेत काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त, उघड्या आराखड्याची एक पाटी तयार केली. गावातल्या ज्या मद्यगृहात ही मंडळी बसत, त्याच्या नावावरून तिला आर्दुइनो म्हणू लागले. फेरारिस यांचे तुरीन येथून पन्नासेक किलोमीटरांवर आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या मंडळींनी शाळकरी मुलांसाठी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा पूर्ण संगणक काढला. वेल्सच्या उत्तर भागातील काही तरुणांनी तर ओपन एनर्जी मॉनिटर या नावाने घरची वीज घरच्या घरी मोजण्याचे आराखडे आणि आज्ञावली साऱ्या जगाला मोकळी करून दिली. म्हणजे एडिसनच्या बरणीनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी काटा ग्राहकाच्या हाती येण्याची सोय झाली.

हा काटा मी स्वतः हाती धरून पाहिला आहे. आमच्या भागात दहा खोल्यांची एक चाळ आहे. मालक एकच, मीटर एकच, आणि बिल दहा जणांत सारखे वाटलेले. पुष्कळ भाडेकरू मालकाच्याच साच्यांवर कामाला. एका वर्षी बिल चढत चालले आणि चाळीत भांडणे लागली. एका खोलीत फ्रिज होता, एका विधवा बाईंकडे विजेवरचे शिवणयंत्र होते; सर्वांची बोटे त्या दोघांकडे वळली. दोघांनाही वाळीत टाकल्यासारखे झाले, तेव्हा प्रकरण युनियनकडे आले. एका विणकराचा मुलगा आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. तो म्हणाला, "काका, भांडण्यापेक्षा मोजून पाहू."

मोजण्याचे यंत्र असे. तारेभोवती बसणारा एक उघडमीट करणारा चिमटा मिळतो. तार कापावी लागत नाही. तारेतून १०० अँपिअर गेले की चिमट्यातून ५० मिलिअँपिअर, म्हणजे दोनहजारावा हिस्सा निघतो. हा हिस्सा एका रोधकातून नेला की त्याचा लहानसा दाब होतो आणि तो पाटीला वाचता येतो. रोधक न जोडता चिमटा चालत्या तारेवर लावू नये, त्यात धोका असतो. आणि मुख्य फलकात हात घालण्याचे काम परवानाधारक वायरमनचेच. आम्ही त्यालाच बोलावले.

पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. चिमटा जाणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही तारांभोवती एकदम बसवला. सारी चाळ उजळलेली आणि यंत्र सांगते शून्य! जाणारा प्रवाह आणि परतणारा प्रवाह एकमेकांस खोडून काढतात, हे त्या दिवशी पक्के समजले. दुसरी चूक जास्त नाजूक होती. आम्ही नुसता प्रवाह मोजला आणि दाब २३० व्होल्ट धरून गुणाकार केला. फ्रिजचा आकडा भलताच मोठा आला. लोक म्हणाले, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" पण मोटारीच्या यंत्रात दाब आणि प्रवाह यांची पावले जुळत नाहीत, नुसत्या गुणाकाराने वीज जास्त दिसते. मग मुलाने एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावून दाबही मोजावयास घेतला. आपल्याकडे प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. एका आवर्तनात अनेक वेळा दोन्ही मापे घ्यावयाची, प्रत्येक क्षणाचा गुणाकार करावयाचा आणि त्यांची सरासरी काढावयाची, ही खरी रीत. फ्रिजचा आकडा खाली आला. एका निरपराध कुटुंबावर आम्ही शास्त्राच्या नावाने आळ घेणार होतो!

माप खरे की खोटे, हे मीटराशीच ताडून पाहिले. त्या मीटरावर एका युनिटाला ३२०० लुकलुकी असे छापले होते. रात्री सर्वांनी आपापली बटणे बंद केली आणि १००० वॅटची पाणी तापवण्याची कांडी तेवढी लावली. मिनिटाला ५३ च्या आसपास लुकलुकी मोजल्या; हिशेबाने तेवढ्याच हव्या होत्या. आमच्या यंत्राचा आकडाही जुळला. मीटर खरे होते. मालक मीटरात लबाडी करतो, हा आमच्यातल्या काहींचा संशय होता, तोही त्या रात्री गेला. माप तपासले की कधी कधी प्रतिपक्षही निर्दोष ठरतो, हे कबूल करण्याची तयारी असावी लागते.

मग चोर कोण? आठवड्याच्या नोंदीत दिसले की रात्री अकरानंतर, चाळ झोपली असता, दर चाळीस मिनिटांनी एक मोठी पायरी चढते आणि बारा मिनिटांनी उतरते. तो पाण्याचा पंप होता. वर चढलेले पाणी परत खाली येऊ न देणारी झडप निकामी झाली होती. टाकी आपोआप रिकामी होई आणि पंप आपोआप सुरू होई. रात्रीला सुमारे दोन युनिटे, महिन्याला साठाच्या घरात. झडप बदलली, बिल उतरले, आणि शिवणयंत्राच्या बाईंच्या दारी लोक पुन्हा कपडे टाकू लागले.

गोष्ट येथे संपली असती तर मी मोठ्या अभिमानाने सांगितली असती. पण यशाने माणसाची बुद्धी फिरते. बिल समान वाटणीऐवजी वापराप्रमाणे वाटावे म्हणून आम्ही आणखी दोन पाट्या आणून दहाही खोल्यांच्या तारांवर चिमटे बसवले, आणि मिनिटामिनिटाची नोंद पडद्यावर सर्वांना दिसेल अशी ठेवली. पंधरवड्याच्या आत चाळ एकमेकांची घरे वाचावयास शिकली. अमक्याकडे दोन वाजता दिवा का लागला, तमकीचा टीव्ही दिवसभर चालतो, अशी कुजबुज सुरू झाली. आणि एके दिवशी साच्यांवरचा मुकादम आला. एका कामगाराने आजारपणाचा खाडा केला होता. मुकादम म्हणाला, "मंगळवारी त्याच्या खोलीत पंखा चालू होता का, तेवढे दाखवा."

नोंदीत ती खोली सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत निःशब्द होती. वस्तुतः तो कामगार तापाने फणफणून दुसऱ्या गल्लीत आपल्या मेहुण्याकडे पडून होता. खोलीत वीज जळली नाही म्हणजे माणूस आजारी नव्हता, हे कोणत्या शास्त्रात बसते? पण कागदावरचा आकडा माणसाच्या तोंडच्या शब्दापेक्षा खरा मानण्याची सवय जगाला आहे. मी नोंद दाखवली नाही. तरीही चूक माझीच होती. जन्मभर मस्टरविरुद्ध भांडलेल्या माणसाने लोकांच्या निजावयाच्या खोलीत मस्टर नेऊन ठेवले होते. चाळीची सभा भरली. शिवणयंत्राच्या बाई म्हणाल्या, "माझी वीज मोजा, माझी झोप कशाला मोजता?" सभेने एकमताने खोल्यांवरचे चिमटे काढले, जुनी नोंद पुसली, आणि मुख्य तार व पंप एवढ्यांवरच यंत्र ठेवले. समान वाटणी चालू राहिली. थोडा अन्याय पत्करून लोकांनी आपला उंबरठा राखला.

आमच्या दहा खोल्यांत जे घडले, तोच प्रश्न आज देशोदेशी आहे. इटलीत एनेल कंपनीने २००१ पासून सुमारे तीन कोटी ग्राहकांकडे दुरून वाचता येणारी मीटरे बसवली. हॉलंडमध्ये अशी मीटरे सक्तीची करण्याचे विधेयक २००९ मध्ये तेथील वरिष्ठ सभागृहात खासगी जीवनाच्या प्रश्नावर अडले; नंतरच्या कायद्यात नकार देण्याची मुभा आली. अमेरिकेतील नेपरव्हिल गावच्या नागरिकांच्या दाव्यात संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की दर पंधरा मिनिटांनी घरचा वापर नोंदवणे ही घराची झडतीच होय. त्या प्रकरणात ती झडती वाजवी ठरली. पण नोंद याहून बारीक असती किंवा पोलिसांच्या हाती सहज पडणारी असती तर निर्णय वेगळा होऊ शकला असता, असेही न्यायालयाने बजावले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगी जीवन हा मूलभूत हक्क मानला आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांची योजना आखली. महाराष्ट्रात विरोध झाला आणि २०२४ च्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांवर प्रीपेड मीटर लादणार नाही असे राज्य सरकारने जाहीर केले. तथापि मीटरातला संगणक काही मागे जात नाही. दारोदार फिरून आकडा लिहिणारा मीटर-वाचक हा माझ्या दृष्टीने कामगार आहे आणि त्याच्या पोटाचा प्रश्न वेगळा मांडावा लागेल. येथे एवढेच म्हणतो की तो आकडा लिहून घेताना दारात उभा असे. तो कधी आला हे घराला कळे. नवा वाचक कधी येतो आणि काय नेतो, हे घराला कळत नाही.

म्हणून स्मार्ट मीटर फोडा, असे सांगावयास मी आलो नाही. यंत्रे फोडून कामगारांचे कधी भले झाले नाही. पंपाची झडप आम्हांला यंत्रानेच दाखवली. वीज कायदा २००३ प्रमाणे अचूक मीटर हे वीज देणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि शंका आल्यास मीटर तपासून मागणे हा आपला हक्क आहे, तो वापरा. आपल्या घरची नोंद किती बारीक घेतली जाते, किती दिवस ठेवली जाते आणि कोणास दाखवली जाते, हे लेखी विचारा. एकट्याने विचाराल तर उत्तर येणार नाही. दहा खोल्यांनी मिळून विचारा. आणि घरात शिकलेले पोर असेल तर त्याला एक चिमटा आणि एक पाटी आणून द्या. पोर हिशेब शिकेल आणि तुम्हांला आपले माप तपासता येईल. मात्र ते यंत्र लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. ते मी विचारले नाही, म्हणून ही गोष्ट तुम्हांला सांगावी लागली.